रेखोत्कीर्णन, नकाशांचे : फिल्मचे रंजन व आवरणाचे निष्कासन

पारदर्शक फिल्मवर चढविलेल्या पातळ लेपात टोकदार हत्याराने नकाशाच्या रेषा कोरण्याच्या क्रियेस रेखोत्कीर्णन म्हणतात. नकाशाकारांच्या व्यवहारात ती ‘स्क्रायबिंग’ या नावाने रूढ होती. कोरलेल्या रेषांत रंजकद्रव्य भरणे आणि त्यानंतर फिल्मवर उरलेला लेप विद्रावकाने काढून टाकणे या दोन क्रिया तिच्याशी निगडित असून त्यांमुळे स्वच्छ फिल्मवर केवळ रंगीत रेषा शिल्लक राहतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलवर्णनात्मक नकाशे मोठ्या प्रमाणावर या पद्धतीने तयार होत. संगणकावरील रेखन रूढ झाल्यावर ती मागे पडली.

हे तंत्र महायुद्धोत्तर काळातील प्लॅस्टिक उद्योगातून निघाले, अशी त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ती अपुरी आहे. प्लॅस्टिकने आधारपटल पुरविले, एवढे खरे. पण आवरणात वाट करावयाची, त्या वाटेने रंग खाली उतरवावयाचा आणि काम होताच आवरण दूर करावयाचे हा क्रम त्यापूर्वी तांबे, दगड व जस्त या तिन्हींवर सिद्ध झालेला होता. त्यांपैकी जस्तावरील त्याचे सर्वांत परिपक्व रूप भारतातील सर्वेक्षण खात्यातच घडले. म्हणून या तंत्राचा इतिहास फिल्मपासून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यापासून सांगावा लागतो.

तांबे : महाराष्ट्रात तांब्यावर अक्षरे कोरण्याची परंपरा शिलाहार व यादव यांच्या ताम्रपटांइतकी जुनी आहे. परंतु ताम्रपटावरील अक्षर वाचावयाचे असल्याने ते सुलट कोरलेले असते. छपाईच्या पत्र्यावर ते उलटे कोरावे लागते आणि कोरलेल्या खाचेत शाई भरून पत्र्याचा पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. हे दुसरे काम पुण्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एका तांबटाने देवनागरी अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरण्याचे कौशल्य साध्य केले व नाना फडणीस यांनी भगवद्‌गीतेचे पत्रे कोरण्याचे काम हाती घेतले. नानांचा मृत्यू १८०० मध्ये झाला आणि काम थांबले. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी या कारागिराला आश्रय दिला व १८०५ मध्ये मिरजेस गीता छापून झाली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी येतो, तो ग्रंथमुद्रण म्हणून. तंत्राच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र ती महाराष्ट्रातील उत्कीर्ण मुद्रणाची सुरुवात होय.

तांब्यावर काम करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पोलादी कोरणीने धातू प्रत्यक्ष खोदतात. दुसरीत पत्र्यावर मेण, राळ व डांबरसदृश द्रव्य यांचा लेप देऊन सुईने फक्त तो लेप कोरतात. धातू खाण्याचे काम अम्ल करते आणि अखेर टर्पेंटाइनने लेप काढून टाकतात. पहिल्या रीतीत हाताला बळ लागते, दुसरीत संयम. फिल्मवरील रेखोत्कीर्णन दुसऱ्या रीतीच्या कुळातील आहे, कारण तेथेही हत्याराने केवळ लेप दूर करावयाचा असतो. खालच्या पटलास ओरखडा उठला तर काम बिघडते.

भारतीय सर्वेक्षणाचा ‘अ‍ॅटलास ऑफ इंडिया’ हा नकाशासंग्रह आरंभी लंडनमध्ये तांब्यावर कोरला जात असे. हिंदुस्थानात मोजणी व्हावी, तिची हस्तलिखिते समुद्रमार्गे विलायतेस जावीत आणि कोरलेली पत्रके परत यावीत, या द्राविडी प्राणायामात वर्षे जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम कलकत्त्यास आणण्यात आले. तांब्यावरील रेषा अतिशय नाजूक व स्वच्छ येते, परंतु एका पत्रकास लागणारा वेळ पाहता वेगाने बदलणाऱ्या प्रदेशाला ते माध्यम परवडणारे नव्हते.

दगड : आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शोधलेले शिलामुद्रण मुंबईत १८२० नंतरच्या काही वर्षांतच येऊन पोहोचले आणि जॉर्ज जर्व्हिस यांच्या प्रयत्नांतून निघालेली मराठी गणिताची पुस्तके त्यावर छापली गेली. शिलामुद्रणाचा सर्वसाधारण प्रकार तेल व पाणी यांच्या परस्परविरोधावर आधारलेला असून त्यात कोरकाम नसते. नकाशांसाठी मात्र त्याचा एक वेगळा प्रकार वापरीत व तो येथे विशेष महत्त्वाचा आहे. घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर डिंकाचा, काजळी किंवा गेरू घातलेला पातळ थर देत. सुईने तो थर कोरून दगड उघडा करीत. मग जवसाचे तेल चोळीत. ते फक्त कोरलेल्या रेषांत मुरे. शेवटी पाण्याने डिंकाचा थर धुऊन टाकला की शाई धरणारी रेषा तेवढी उरे. या चार वाक्यांत दगडाऐवजी पॉलिएस्टर, तेलाऐवजी रंजक व पाण्याऐवजी विद्रावक घातले की दीडशे वर्षांनंतरच्या फिल्मचे वर्णन तयार होते.

प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पृष्ठभाग ही कल्पनाही दगडावरच रुळली. पुणे-मुंबई लोहमार्गावरील मळवली येथे राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात (स्थापना मुंबई, १८९४) एकेका चित्रासाठी अनेक दगड वापरीत आणि ते एकमेकांवर अचूक जुळविणे हेच कारागिराचे खरे कसब मानले जाई. देवतांच्या चित्रात दगड केसभर सरकला, तर ओठांचा रंग किंचित बाहेर येतो. नकाशात तेवढ्यानेच नदी तीर सोडते.

जस्त : दगड जड व महाग. त्याची जागा जस्ताच्या पत्र्याने घेतली आणि १८६० च्या सुमारास हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये छायाचित्रणाच्या साहाय्याने जस्तावर नकाशा उतरविण्याची पद्धती विकसित झाली. तिला फोटोझिंकोग्राफी म्हणतात. मुंबई इलाख्यात या कामासाठी पुण्यास स्वतंत्र फोटोझिंको कार्यालय होते. पुढील काळातील शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात हा शब्द टिकून राहिला. एका कालबाह्य तंत्राचे नाव एवढे चिरंजीव ठरावे हे विरळाच.

पुण्यात अशा कार्यालयाची गरज महसूल मोजणीतून निर्माण झाली होती. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये लागू झाली व तीच पुढे इलाखाभर पसरली. प्रत्येक शेताला मोजणी क्रमांक, प्रत्येक गावाला नकाशा आणि त्या नकाशाच्या प्रती कचेरीत व गावात, अशी ती व्यवस्था होती. गावनकाशाचे एक रूढ प्रमाण १ : ७,९२० म्हणजे एका इंचास ३३ फुटी वीस साखळ्या असे. या प्रमाणावर ०·२ मिमी. जाडीची रेषा जमिनीवर सुमारे १·६ मी. रुंदी व्यापते. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर ही रेषा तीन गुंठ्यांहून अधिक जमीन झाकून टाकते. हद्दीचा तंटा निवडताना नकाशातील रेषेपेक्षा टिपणातील मोजमापांचा आधार घ्यावा लागतो तो यामुळेच. नकाशा छापणाऱ्याने रेषा जाड केली तर बांध कोणाचा हा प्रश्न सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो. रेषेची जाडी ही म्हणूनच सौंदर्यदृष्टीपुरती बाब नव्हती.

व्हॅनडाइक पद्धती : विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सर्वेक्षण खात्यातील व्हॅनडाइक या अधिकाऱ्याने जस्तमुद्रणातील एक अडचण दूर केली. तोपर्यंत हाताने रेखलेल्या नकाशाचे प्रथम छायाचित्र घ्यावे लागे व त्या काचेच्या व्यस्त प्रतीवरून पत्रा बनवावा लागे. व्हॅनडाइकने कॅमेरा वगळला. जस्ताच्या पत्र्यावर डायक्रोमेट मिसळलेल्या माशाच्या सरसाचा प्रकाशसंवेदी थर देऊन त्यावर पारदर्शक कागदावरील मूळ रेखन ठेवीत व उजेड दाखवीत. उजेड लागला तेथील सरस कठीण होई. रेषांखाली अंधार असल्याने तेथील सरस मऊ राही व पाण्याने धुऊन जाई. त्यामुळे कठीण आवरणात रेषांच्या जागी अगदी बारीक चर पडलेले दिसत. त्यांत शाई चोळीत. मग पत्रा सौम्य अम्लात ठेवला की कठीण सरस सुटून येई आणि त्याच्यावरील शाईही त्याच्याबरोबर जाई. धातूला प्रत्यक्ष चिकटलेली रेषेतील शाई तेवढी राही.

या पद्धतीतील शेवटची पायरी सर्वांत धोक्याची होती. आवरण काढण्यापूर्वी संपूर्ण पत्रा काळाकुट्ट असतो. काम साधले की फसले हे तेव्हा कळत नाही. अम्ल कमी पडले तर सरसाचे ठिपके राहून छपाईत घाण उठते, अधिक झाले तर बारीक रेषा तुटतात. चर पूर्ण धुतला गेला नसेल तर शाई धातूपर्यंत पोहोचत नाही व आवरणाबरोबर रेषाही निघून जाते. अनुभवी कारागीर पत्रा धुताना त्याच्या रंगावरून व बोटांना लागणाऱ्या चिकटपणावरून वेळ ठरवीत. सर्वेक्षण खात्यातून ही पद्धती परदेशांतही गेली. रंगवून मग आवरण काढण्याचे तंत्र भारतीय नकाशा-कार्यालयांना नवे नव्हते, असे जे वर म्हटले आहे ते या कारणाने.

त्याच सुमारास, १९०५ मध्ये, भारतीय सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर एका इंचास एक मैल या प्रमाणाचे नवे नकाशे अनेक रंगांत काढण्याचे धोरण ठरले. पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, रस्ते व वस्ती तांबडी, लागवड पिवळी, वने हिरवी, लोहमार्ग व अक्षरे काळी. ही रंगव्यवस्था पुढे रूढ झाली आणि तिच्यामुळे एका नकाशासाठी अनेक पत्रे अचूक जुळविणे अपरिहार्य ठरले. मूळ रेखन कागदावर असेपर्यंत ते कठीणच होते. कागद दमट हवेत वाढतो व कोरड्या हवेत आखडतो, आणि तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. पन्नास सेंमी. लांबीच्या कागदात शेकडा अर्धा एवढा फरक पडला तर तो अडीच मिमी. होतो, १ : ५०,००० या प्रमाणावर हे सव्वाशे मीटर झाले.

फिल्म : कागदाची ही चंचलता टाळण्यासाठी प्रथम काच पुढे आली. काचेवरील छायाचित्रीय व्यस्त प्रतीत सुईने दुरुस्ती करण्याची रीत जुनीच होती. तिच्यातून संपूर्ण नकाशाच लेप दिलेल्या काचेवर कोरण्याची कल्पना निघाली. स्वित्झर्लंडच्या नकाशा-कार्यालयाने तांब्यानंतर काचेचा स्वीकार केला आणि ती दीर्घकाळ वापरली. काच न आखडणारी, पण फुटणारी व वजनदार. पॉलिएस्टर फिल्म उपलब्ध झाल्यावर स्थिरता, पारदर्शकता व चिवटपणा हे तिन्ही गुण एकत्र मिळाले.

भारतात या बदलास एक निकडीचे कारणही होते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक परिमाणे स्वीकारल्यामुळे इंच-मैलाचे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणात नव्याने तयार करणे आले. उंची फुटांऐवजी मीटरमध्ये आल्याने समोच्च रेषा तर सर्वच नव्याने काढाव्या लागणार होत्या. घाटमाथ्याच्या एखाद्या पत्रकात या रेषांची दाटी पाहिली म्हणजे शाई-लेखणीने ते काम किती काळ चालले असते याची कल्पना येते. लेखणीची रेषा शाईच्या ओघळाप्रमाणे व हाताच्या दाबाप्रमाणे बदलते. कोरणाऱ्या टोकाची रेषा टोकाच्या रुंदीइतकीच पडते. हैदराबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या सर्वेक्षण प्रशिक्षण केंद्रामुळे अशा कामांसाठी प्रशिक्षित मनुष्यबळ मिळण्याची सोय झाली.

फिल्मवरील लेप नारिंगी, तांबूस किंवा हिरवट-पिवळा असे. डोळ्यांना त्यातून खालचे दिसे, पण छपाईच्या पत्र्यावर परिणाम करणारे निळे व जंबुपार किरण तो अडवी. लेपावर मूळ मोजणीपत्रकाची फिकट प्रतिमा उतरवून ती उजेडाच्या मेजावर ठेवीत व तिच्यावरून कोरीत. टोके पोलादाची किंवा नीलमण्याची. तिपायी चौकटीत बसविलेले टोक नेहमी फिल्मला लंब राही. दुहेरी रेषेच्या रस्त्यासाठी दोन टोके असलेले, वळणाबरोबर फिरणारे हत्यार असे. चुकलेल्या जागी कुंचल्याने अपारदर्शक द्रव्य लावून ते वाळल्यावर पुन्हा कोरीत. अक्षरे मात्र कोरीत नसत. ती वेगळ्या फिल्मवर छापील पट्ट्यांच्या रूपाने चिकटवीत. वने, जलाशय यांसारख्या क्षेत्रांसाठी सोलता येणारा लेप असलेली फिल्म वापरीत. सीमारेषा लेपात उमटवून आतील भाग चिमट्याने अलगद सोलून काढीत.

रंजन व निष्कासन : कोरलेली फिल्म ही मुळात व्यस्त प्रत होय : रेषा पारदर्शक, बाकी सर्व अपारदर्शक. तिच्यावरून थेट मुद्रण पत्रा करता येतो. पण अनेकदा याच्या उलट, म्हणजे स्वच्छ फिल्मवर गडद रेषा असलेली सरळ प्रत हवी असे. निरनिराळ्या रंगांच्या फिल्म एकावर एक ठेवून ताडून पाहण्यास ती विशेष उपयोगी पडे. छायाचित्रण टाळून अशी प्रत मिळविण्यासाठी रंजनाचा अवलंब करीत.

कोरताना उडालेला लेपाचा भुसा प्रथम मऊ कुंचल्याने झाडून घेत. रेषेत एक कण राहिला तरी तेथे रंग बसत नाही व रेषा तुटते. नंतर कापसाच्या बोळ्याने रंजकाचा द्रव संपूर्ण फिल्मवर चोळीत. या फिल्मच्या पृष्ठभागावर रंजक शोषून घेणारा अतिशय पातळ थर असे व लेप त्याच्यावर असे. साध्या पॉलिएस्टरवर रंजक धरत नाही. म्हणून कोरणाऱ्याचा हात येथे दुहेरी कसोटीस लागे. टोक उथळ चालले तर लेपाची साय शिल्लक राहून रंग अडे. खोल गेले तर शोषक थरच खरवडला जाऊन रंग धरण्यास जागा उरत नसे. रंजक पुरेसे मुरल्यावर जादा द्रव टिपून घेत, फिल्म पूर्ण वाळू देत आणि मग विद्रावकाने किंवा त्या लेपासाठी नेमलेल्या धुण्याच्या द्रावाने लेप उतरवीत.

ओली फिल्म धुण्याची घाई हे अपयशाचे नित्याचे कारण. रंजक लेपाच्या कडेखाली झिरपे व रेषेच्या दोन्ही बाजूंस पिसारा फुटे. लेपावर आधीच पडलेले ओरखडेही याच वेळी उघडकीस येत : व्यस्त प्रतीत सहज न दिसणारा प्रत्येक टाचा लेप उतरताच रंगीत ठिपका होऊन समोर येई. व्हॅनडाइकच्या पत्र्याप्रमाणेच येथेही खरेखोटे शेवटच्या धुण्यात ठरे. फरक इतकाच, की पत्रा फसला तर मूळ रेखन हाताशी असे. फिल्मचा लेप उतरवल्यावर मूळही तीच व प्रतही तीच. म्हणून जाणती कार्यालये मौल्यवान उत्कीर्णनांचे थेट रंजन न करता आधी संपर्क प्रत काढून ठेवीत. ही सावधगिरी सर्वत्र पाळली गेली असती, तर आज अभ्यासकांचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

पिंपरीचे उदाहरण : या पद्धतीचा खरा लाभ नकाशाच्या पुनरीक्षणात होता, आणि तो समजण्यास पुण्याच्या उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पिंपरी, चिंचवड व पुणे शहर जुन्या क्रमांकपद्धतीतील ४७ एफ/१४ या पत्रकात येतात. पत्रकाची उत्तर सीमा १८° ४५’ उ. अक्षांश ही असून चाकण गाव तिच्या किंचित उत्तरेस, म्हणजे लगतच्या ४७ एफ/१३ मध्ये पडते. एकच औद्योगिक पट्टा अशा रीतीने दोन पत्रकांत विभागला गेला आहे व कडेवरील रस्ते दोन्ही फिल्मवर तंतोतंत जुळविणे भाग पडते.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत शेतजमिनींवर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. संत तुकाराम नगर ही याच वाढीतील वसाहत. या काळात पवना नदीचा प्रवाह जवळजवळ जागच्या जागी होता, टेकड्यांच्या समोच्च रेषा तशाच होत्या, लोहमार्गाची दिशाही जुनीच. बदलले ते रस्ते, वस्ती आणि लागवडीचे क्षेत्र. जुन्या एकसंध ताम्रपत्रात एवढ्यासाठी पत्र्याच्या मागून ठोकून, घासून पुन्हा कोरावे लागले असते. रंगवार फिल्ममध्ये निळी व तपकिरी फिल्म न हलविता तांबडी दुरुस्त करावयाची आणि पिवळ्याचे क्षेत्र कमी करावयाचे, एवढ्याने भागत असे. इतिहासाच्या अभ्यासकास या व्यवस्थेचा आणखी एक उपयोग आहे. छापील नकाशात सर्व थर एकजीव होतात. पण लागोपाठच्या आवृत्त्यांच्या फक्त पिवळ्या फिल्म एकावर एक ठेवल्या, तर शेत कोठून कसे हटत गेले हे अन्य कशाचीही गल्लत न होता दिसते.

अस्त व जतन : विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संगणकीय नकाशालेखन आले. कोरलेल्या फिल्म व छापील पत्रके क्रमवीक्षकाखाली घालून त्यांवरील रेषांचे अंकीय रूपांतर करण्यात आले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठी खुल्या पत्रकांची मालिका निराळ्या क्रमांकपद्धतीने निघाली. संत तुकाराम नगर येथील मेट्रो स्थानक ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले, ते उत्कीर्णनाचा काळ सरून गेल्यावर.

अंकीय नकाशा रेषेची जाडी पुसून टाकतो, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. संगणकातील रेषेस जाडी नसते, पण ती ज्या रेषेच्या मध्यावरून घेतली त्या रेषेस होती; आणि ती जर आखडलेल्या कागदावरील असेल, तर ती चूक कितीही दशांश स्थळांपर्यंत अचूक लिहिली तरी चूकच राहते. कागदी गावनकाशावरून अंकीय नकाशे करताना ही गोष्ट वारंवार आडवी येते. कोरलेल्या पॉलिएस्टर फिल्मवरून केलेल्या रूपांतरात हा दोष बराच कमी असतो. जुन्या फिल्म जपण्याचे हे व्यावहारिक कारण.

पॉलिएस्टरचे पटल टिकाऊ असते, परंतु त्यावरील रंजके प्रकाशाने फिकी पडतात आणि न काढलेला लेप कालांतराने ठिसूळ होऊन सुटू लागतो. अशा फिल्म अंधारात, सपाट खणांत, मधे आम्लरहित कागद घालून ठेवाव्या लागतात. गुंडाळल्यास लेपास भेगा पडतात. रंगविलेल्या सरळ प्रती व लेपासह असलेल्या व्यस्त प्रती वेगवेगळ्या ठेवणे इष्ट असते, कारण एकीवरील विद्रावकाचा अंश दुसरीच्या लेपास मऊ करतो.

सर्वेक्षण खात्याच्या जुन्या छापील पत्रकांच्या समासात महासर्वेक्षकाचे नाव व मोजणीचे वर्ष आढळते. रेषा कोरणाऱ्याचे नाव त्यावर नसते. गीतेचे पत्रे कोरणाऱ्या पुण्याच्या तांबटाचा उल्लेखही बहुधा ‘एक तांबट’ एवढाच होतो. फिल्मच्या कडेस, छपाईत न येणाऱ्या पट्टीत, काही वेळा कोरणाऱ्याची व तपासणाऱ्याची आद्याक्षरे आणि दिनांक लेपात कोरलेले असतात. लेप उतरवताना ही पट्टी कापून टाकण्याचा प्रघात होता.